सायकॉलॉजिस्टकडे जाणारा भीमसैनिक कमजोर नसतो



"आंबेडकरी माणसाला डिप्रेशन येत नसतं." हे वाक्य आपल्याकडे फार जोरात फिरतं. जयंतीच्या भाषणात असतं, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला असतं, आणि एखाद्या पोरानं कॉलेज सोडून घरात कोंडून घेतलं की त्याच्या आईच्या तोंडावरही तेच मारलं जातं. "बाबासाहेबांनी एवढं सोसलं, आणि हा काय रडत बसलाय?" या वाक्याचा आम्हाला राग आहे. हा लेख त्या रागातूनच लिहिला आहे.

आम्ही नारायणगाव, जुन्नर, मंचर या पट्ट्यात काम करतो. लोक आमच्याकडे येतात ते जातीच्या दाखल्यासाठी, अडकलेल्या शिष्यवृत्तीसाठी, ॲट्रॉसिटीची फिर्याद घेतली जात नाही म्हणून. पण अलीकडे असं होतं की अर्ज लिहून होतो, सही होते, आणि माणूस उठत नाही. बसून राहतो. चहा गार होतो. मग हळूच विचारतो, "ते सायकॉलॉजिस्टकडे जायचं म्हणजे नेमकं काय असतं हो?" विचारणाऱ्यांत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आहेत, टोमॅटो मार्केटात क्रेट उचलणारे आहेत, नर्सिंगच्या मुली आहेत, आणि ज्यांचे फोटो फ्लेक्सवर असतात असे कार्यकर्तेही आहेत. कार्यकर्ते मात्र कायम "एका मित्रासाठी" विचारतात.

या प्रश्नांची उत्तरं द्यायचीच आहेत. पण त्याआधी आपल्याच घरातले दोन आक्षेप निकाली काढू. कारण पोरं फीमुळे जेवढी अडतात, त्याहून जास्त या आक्षेपांमुळे अडतात.

पहिला आक्षेप कणखरपणाचा. बाबासाहेब रडले नाहीत, मग आपण का रडायचं? मुळात हे खोटं आहे. बडोद्याच्या नोकरीच्या वेळी पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना हाकललं, कुणी मित्रानं घरात घेतलं नाही, आणि रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलं आहे. त्यापुढची गोष्ट भाषणात कुणी सांगत नाही. अठरा वर्षं उलटली तरी तो प्रसंग जसाच्या तसा डोळ्यांसमोर उभा राहतो आणि डोळ्यांत पाणी आल्याशिवाय आठवत नाही, हेही त्यांनीच लिहिलं आहे. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेला माणूस, पुढे देशाची घटना लिहिणारा माणूस, आपल्या मनावरची जखम कागदावर मांडतो आणि ती अजून भरलेली नाही असं सांगतो. त्यात त्यांना लाज वाटली नाही. मग त्यांच्या नावावर आपल्या पोरांना गप्प बसवणारे आपण कोण?

आमच्या नारायणगावचंच उदाहरण घ्या. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. तमाशा चालू असताना कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट महाराष्ट्रभर छाती फुगवून सांगितली जाते. टाळ्या पडतात. त्या बाईच्या मनाचं त्या रात्री काय झालं असेल, हे विचारावंसं मात्र कुणाला वाटत नाही. २००२ साली त्या हलाखीत गेल्या, नंतर त्यांच्या नावानं सरकारी जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. दलित माणसाची सहनशक्ती या समाजाला फार आवडते, कारण ती फुकट असते. तीच सहनशक्ती आपण आपल्या चळवळीतही मागतो आणि तिला स्वाभिमान म्हणतो, हे आम्हाला सहन होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, शिकलेल्या पोरांकडून येतो. "मानसशास्त्र हे सवर्णांचं शास्त्र आहे. ते जातीचा प्रश्न तुमच्या डोक्यातला प्रश्न करून टाकतात. अन्याय बाहेर, आणि उपचार माझ्यावर?" या आक्षेपात अर्ध्याहून जास्त खरं आहे. १८५१ साली अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं 'ड्रेपटोमेनिया' असा आजार शोधून काढला होता. लक्षण काय? गुलाम मालकाकडून पळून जातो. म्हणजे मोकळं व्हावंसं वाटणं हाच वेडेपणा. शास्त्राच्या नावावर हे छापलं गेलं होतं. आपल्याकडे भाषा वेगळी, काम तेच. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला, २२ मे २०१९ ला डॉ. पायल तडवी गेली, १२ फेब्रुवारी २०२३ ला दर्शन सोळंकी गेला. प्रत्येक वेळी कुणीतरी पुढं येऊन म्हणालं की मुलगा खचला होता, मुलगी ताण घ्यायची, अभ्यास झेपत नव्हता. दर्शनच्या वेळी आयआयटी मुंबईच्या अंतर्गत समितीनं जातीय भेदभावाचा पुरावा नाही असं म्हणून अभ्यासातल्या घसरणीकडे बोट दाखवलं. 'डिप्रेशन' हा शब्द जात पुसायचा बोळा म्हणून वापरला गेला.

आणि इथंच आपण सापळ्यात सापडलो. ते म्हणाले, "डिप्रेशन होतं, जात नव्हती." आपण चिडून म्हणालो, "जात होती, डिप्रेशन नव्हतं." अरे, दोन्ही का नसावं? काठीनं पाय मोडला तर आपण असं म्हणतो का, की मारहाण झाली होती म्हणजे फ्रॅक्चर नव्हतं? उलट फ्रॅक्चरचा दाखला आपण फिर्यादीला जोडतो. मनाला झालेली इजा मान्य केली तर गुन्हा हलका होत नाही, भारी होतो. अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं बाहुल्यांचे प्रयोग करून दाखवलं की वेगळ्या शाळांच्या त्या व्यवस्थेत काळी मुलं स्वतःलाच कमी लेखायला शिकतात. १९५४ च्या ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा या कामाचा आधार निकालात आला. फ्रान्झ फॅनन तर स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होता, अल्जेरियाच्या इस्पितळात काम करता करता वसाहतवाद माणसाच्या मनाचं काय करतो हे त्यानं जगाला सांगितलं. शास्त्र त्यांचं होतं, म्हणून या लोकांनी ते सोडून दिलं नाही. हातात घेतलं.

बुद्धांचा विषारी बाणाचा दृष्टांत आपल्याला विहारात सांगितला जातो. बाण लागलेला माणूस म्हणतो, मारणारा क्षत्रिय होता की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही. तो तसाच मरून जाईल. आम्ही एवढंच म्हणतो की आधी बाण काढा. मारणाऱ्याचं नाव, गाव, जात, सगळं फिर्यादीत लिहू. त्याला माफी नाही. पण फिर्याद द्यायला माणूस जिवंत लागतो.

आता प्रश्न.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "म्हणजे मी येडा झालोय का?" नाही. झोप येत नाही, भूक मेली आहे, छाती धडधडते, कारण नसताना घरच्यांवर ओरडता, ज्या गोष्टीत जीव रमायचा ती नकोशी झाली, पुस्तक उघडलं की एकच ओळ दहा वेळा वाचता, आणि हे दोन-तीन आठवडे चाललंय, तर बोलायला जायला तेवढं कारण पुरेसं आहे. मरण्याचे विचार येत असतील तर दोन-तीन आठवडेही थांबायचं नाही. त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं आणि १४४१६ लावायचा. ही सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून मगच पुढं वाचा.

कोण कोणता डॉक्टर, यात फार गोंधळ आहे. गोळ्या लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिॲट्रिस्ट. तो एमबीबीएस होऊन पुढं त्या विषयात शिकलेला डॉक्टर असतो. सायकॉलॉजिस्ट बोलून काम करतो, गोळ्या देऊ शकत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते आणि नोंदणी क्रमांक विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मानसशास्त्रात एमए करून नीट समुपदेशन करणारी चांगली माणसंही आम्ही पाहिली आहेत. पण 'समुपदेशक', 'कौन्सेलर', 'लाइफ कोच', 'माइंड पॉवर ट्रेनर' या पाट्या लावायला अडवणारं कुणी नाही. तीन दिवसांचं शिबिर करून आलेला माणूसही लावतो. म्हणून भिंतीवरच्या सर्टिफिकेटाकडे बघा, कुठं शिकलात ते विचारा. पहिल्याच भेटीत दहा सेशनचं पॅकेज गळ्यात मारणाऱ्याला नमस्कार करून बाहेर या. संमोहनानं मागचा जन्म दाखवतो म्हणणाऱ्याला नमस्कारही करू नका.

पैसे. हा खरा डोंगर आहे. पुण्यात एका सेशनची फी आम्ही ८०० पासून २५०० पर्यंत ऐकली आहे. १२०० धरा. दर आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला ४८००. रोजानं खुडायला जाणाऱ्या बाईला दिवसाला ४०० मिळतात असं धरलं तरी ही बारा दिवसांची मजुरी झाली. वर नारायणगाव ते पुणे पंचाहत्तर किलोमीटरचं एसटीचं भाडं, दोन्ही वेळचं, आणि बुडालेला रोज. "मानसिक आरोग्याला प्राधान्य द्या" असं इन्स्टाग्रामवर लिहिणाऱ्या ताईंनी हा हिशेब एकदा मांडून बघावा. तरीही वाट आहे. फोनवरच विचारायचं: फी किती, सेशन किती मिनिटांचं, विद्यार्थ्याला सवलत आहे का, ऐपतीप्रमाणे फी घेता का. असं घेणारे लोक आहेत, पण ते पाटीवर लिहीत नाहीत, विचारावं लागतं. दर आठवड्याऐवजी पंधरवड्यानं चालेल का हेही विचारायचं. मांडववाल्याशी, डीजेवाल्याशी आपण तासभर घासाघीस करतो, मग इथंच कसली लाज?

ऑनलाइन सेशन स्वस्त पडतं, प्रवास वाचतो. पण आपल्या घरात दोन खोल्या, माणसं सहा. आईबद्दल बोलायचं आणि आई पडद्यापलीकडे भाकरी थापते. आमच्या ओळखीचा एक मुलगा बांधावर जाऊन बसायचा, रेंज तिथंच मिळायची. एक मुलगी मैत्रिणीच्या गच्चीवर जायची. विहाराची एक खोली, आठवड्यातून चार तास, दार लावून फोनवर बोलायला मिळाली तर कितीजणांची सोय होईल! विहार बांधायला आपण वर्गणी काढतो, लाद्या बसवतो, मग कुलूप लावून किल्ली अध्यक्षांच्या घरी ठेवतो.

"गावात कळेल का? भरतीत आडवं येईल का?" सायकॉलॉजिस्टकडे गेलात म्हणून पोलीस ठाण्यात किंवा तहसीलमध्ये कुठली यादी जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नं गोपनीयतेचा हक्क दिला आहे. याला अपवाद आहेत आणि ते आधीच माहीत असलेले बरे: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा न्यायालयानं मागितलं, तर माहिती द्यावी लागते. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पहिल्या भेटीतच विचारा, "मी सांगितलेलं कुणाकुणाला कळेल?" भरतीच्या फॉर्मात आजाराबद्दल किंवा चालू औषधांबद्दल विचारलं तर खोटं लिहू नका, पण कुणाशी बोलायला गेलो होतो हा काही आजार नव्हे. आणि खरी भीती फॉर्मची नसतेच, ती स्टँडवर भेटणाऱ्या मामाची असते. आळेफाट्यापासून मंचरपर्यंत प्रत्येक दवाखान्याच्या बाकावर आपल्या कुणाचा तरी मामा बसलेला असतो. म्हणून कुणी जवळचा सोडून लांबचा निवडला तर त्याला हसू नका.

पहिल्या सेशनला काय होतं? सिनेमातल्यासारखं कोचावर झोपवत नाहीत. समोरासमोर खुर्च्या, पाऊण तास. काय त्रास होतो, कधीपासून, झोप, जेवण, घरात कोण, व्यसन काय, मरायचे विचार येतात का, असं विचारतात. कधी एखादा फॉर्म भरायला देतात. तो इंग्रजीत असेल तर मराठीत मागा, नसेल तर वाचून समजावून सांगा म्हणा. ज्याबद्दल बोलायचं नाही त्याबद्दल "आज नको" म्हणता येतं. आत गेल्यावर डोकं कोरं होतं, म्हणून चिठ्ठीवर दोन-तीन गोष्टी लिहून न्या. सोबत कुणाला न्यायचं तर न्या, पण बोलताना तो बाहेर. बायकांच्या बाबतीत हे आम्ही मुद्दाम सांगतो. नवरा किंवा सासू "आम्हीपण ऐकतो" म्हणून खुर्ची ओढून बसते, आणि ती बाई पाऊण तास "काही नाही, बरंय" एवढंच बोलून फी देऊन परत येते. पहिल्याच भेटीत बरं वाटेल अशी आशा धरू नका. कित्येकांना त्या रात्री उलट जास्त जड वाटतं, कारण वर्षानुवर्षं दाबलेलं वर आलेलं असतं. चार-पाच भेटी द्या. तेवढ्यात काहीच हललं नाही तर सरळ सांगा, दुसरा शोधा. गोळ्या चालू असतील तर त्या मात्र मनानं बंद करू नका, लिहून देणाऱ्याला विचारूनच.

आता जात. "आत गेल्यावर जात सांगू का?" हा प्रश्न आमच्याकडे कुजबुजत विचारला जातो आणि याचं उत्तर कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. आमचं मत स्पष्ट आहे. त्रासाचं मूळ जातीत असेल तर ती लपवून उपचार होत नाही. हॉस्टेलवर रूम पार्टनरनं रँक विचारली, भाड्यानं खोली देताना आडनाव विचारलं, प्रेमातल्या मुलीच्या भावांनी गाठून धमकावलं, हे सगळं "जनरल स्ट्रेस" म्हणून सांगत बसलात तर समोरचा तुम्हाला खोल श्वास घ्यायला शिकवेल आणि तुम्ही घरी याल.

पण सांगायच्या आधी समोरच्याची परीक्षा घ्या. फी तुम्ही देताय. विचारा, "जातीच्या अनुभवांतून गेलेल्या लोकांसोबत तुम्ही काम केलंय का?" उत्तर नीट ऐका. "आम्ही जात मानत नाही", "आता शहरात असं कुठं राहिलंय", "तुम्ही फार मनाला लावून घेता", "माफ करून मोकळे व्हा" यातलं काही आलं तर ओळखा की हा माणूस तुमच्या जखमेवर स्वतःच्या सोयीचा पडदा टाकतोय. "मला यातलं सगळं कळतं असं नाही, पण तुम्ही सांगा, मी ऐकतोय" असं म्हणणारा, मग तो कुठल्याही जातीचा असो, जास्त कामाचा. आमच्या वस्तीतल्या एका विद्यार्थिनीला एका समुपदेशक बाईंनी दुसऱ्याच भेटीत ऐकवलं, "आरक्षणातून आलेल्या मुलांना न्यूनगंड असतोच, तू स्वतःला सिद्ध कर." पोरगी त्यानंतर वर्षभर कुणाकडेच गेली नाही. हा दोष त्या पोरीचा नव्हता आणि असल्या सल्ल्याला उपचार म्हणायला आम्ही तयार नाही. एका पोरानं विचारलं होतं, "आत गेल्यावर जयभीम म्हणू का?" आम्ही म्हटलं, बिनधास्त म्हण. समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बघ, अर्धी परीक्षा तिथंच होते.

कायदा इथंही आपल्या बाजूचा आहे, वाचला जात नाही एवढंच. त्याच कायद्याचं कलम १८ म्हणतं की मानसिक आरोग्य सेवा जात, धर्म, लिंग, वर्ग, राजकीय विचार यावरून भेदभाव न होता मिळाली पाहिजे. जात हा शब्द त्यात आहे. आणि कलम ३ म्हणतं की कुणाची सामाजिक स्थिती, किंवा समाजात चालत आलेल्या रीतींना न जुमानणं, या आधारावर कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. म्हणजे कार्टराइटचा ड्रेपटोमेनिया भारतात बेकायदा आहे. देव नाकारला, आंतरजातीय लग्न केलं, म्हणून घरच्यांनी "हिचं डोकं फिरलंय" असं लिहून आणलं तर हे कलम दाखवा.

आपल्यातलाच सायकॉलॉजिस्ट मिळेल का? फार कमी. शिक्षण लांब, जागा थोड्या, भाषा इंग्रजी. दिव्या कांदुकुरी यांनी 'द ब्लू डॉन' हा दलित-बहुजनांसाठीचा आधारगट उभा केला तो याच पोकळीतून. मुंबईच्या आयआयटीत आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कलची पोरं समुपदेशन केंद्रात दलित-आदिवासी समुपदेशक हवेत म्हणून भांडली. आपल्याकडे मात्र बीए मानसशास्त्र झालेल्या पोरीला सगळे म्हणतात, एमपीएससी दे. सगळ्यांनीच एमपीएससी द्यायची असं कुठं लिहिलंय? तालुक्याला आपला एक फौजदार असावा असं आपल्याला वाटतं, तसा आपला एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असावा असं कधी वाटणार?

विहारातले काही ज्येष्ठ म्हणतात, "दहा दिवस विपश्यनेला पाठवा, सगळं ठीक होतं." काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांनी शिबिराला येऊ नये आणि विपश्यना औषधोपचाराला पर्याय नाही, हे त्या शिबिरांच्या नियमावलीतच छापलेलं असतं. ज्याला दिवसरात्र मरायचे विचार येतात त्याला दहा दिवस मौनात बसवणं धोक्याचं आहे. आणि बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातूनही रात्री गुपचूप देवऋषीकडे गाडी जाते, हे आपण सगळे जाणतो. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, कोंडणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर त्याच वर्षी मारले गेले. देवऋषीला कोंबडं, नारळ आणि पाच हजार देताना ज्यांना ऐपत आठवत नाही, ते सायकॉलॉजिस्टच्या फीचं नाव काढल्यावर लगेच "आपण गरीब माणसं" म्हणतात.

आता शेवटचा आणि आमच्या मते सगळ्यात मोठा प्रश्न: खाजगीच का? सरकारी कुठं आहे? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ चा. जिल्ह्याच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सामाजिक कार्यकर्ता असावा आणि त्यांनी तालुक्यांपर्यंत जावं, अशी ती योजना. वर सांगितलेल्या कलम १८ मध्ये आणखी एक तरतूद आहे, ती प्रत्येक कार्यकर्त्यानं पाठ करावी. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी हे उपचार मोफत मिळाले पाहिजेत. आणि कायद्यात सांगितलेल्या किमान सेवा जिल्ह्यात नसतील, तर माणसानं जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारनं उचलायचा आहे. खाजगी फीचं ओझं आपल्याच नशिबाला आलंय असं समजून आपण गप्प बसतो, तेव्हा सरकार सुटतं. माळीण आठवा. ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळला, दीडशेवर माणसं गेली, त्यातली बहुतेक आदिवासी. घरं बांधून झाली, उद्घाटन झालं. वाचलेल्या माणसाला पावसाच्या रात्री झोप लागते का, याची नोंद कुठल्या रजिस्टरला करायची असते, हे आम्हाला कुणी दाखवावं.

सरकारी ठिकाणी जायला लोक घाबरतात कारण येरवडा म्हटलं की एक तर तुरुंग आठवतो नाही तर वेड्यांचं इस्पितळ. पण येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथं दाखवून त्याच दिवशी घरी येतात. ससूनला मानसोपचार विभाग आहे. औंधला जिल्हा रुग्णालय आहे. व्यसनासाठी मुक्तांगण आहे. हे सगळं पुण्यात. जुन्नरच्या पश्चिमेकडच्या आदिवासी वाडीतून पहाटेची गाडी धरली तरी केसपेपरची वेळ गाठता गाठता दमछाक होते.

म्हणून आम्ही निवेदन तयार केलं आहे. मागण्या चारच आहेत. नारायणगाव आणि जुन्नरचं ग्रामीण रुग्णालय, मंचरचं उपजिल्हा रुग्णालय इथं मानसिक आरोग्य पथक कोणत्या वारी, किती वाजता येतं, हे दाराशी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावं. येत नसेल तर का येत नाही, हे लेखी द्यावं. बोलण्यासाठी दार लागणारी वेगळी खोली असावी, केसपेपरच्या रांगेत सगळ्यांदेखत "काय, डोक्याचा त्रास का?" असं विचारलं जाऊ नये. आणि कलम १८ प्रमाणे खर्च परत मिळवायचा अर्ज कुणाकडे करायचा, त्या अधिकाऱ्याचं पद सांगावं. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाकू. सह्यांसाठी रविवारी बुद्धवंदनेनंतर विहारात कागद ठेवला आहे. सही करताना कुणासाठी करताय हे सांगायची गरज नाही, "मित्रासाठी" म्हटलं तरी चालेल.

जयभीम. नमो बुद्धाय.